स्वाराची चूक

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझं डोकं लाकडाच्या भुशात होतं आणि पाय वर. गोष्ट गोड वाटावी म्हणून मी हे बदलून सांगणार नाही. प्रेमकथांमध्ये घोडा आला की नायिकेचे केस वाऱ्यावर उडतात, असं ज्यांनी लिहिलंय त्यांनी घोडा फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. माझे केस हेल्मेटच्या आत घामानं चप्प बसलेले असतात आणि अंगाला तबेल्याचा वास येतो. चालत असेल तर पुढे वाचा.

तर त्या दिवशी मी बाईसाहेबांना घेऊन वखारीमागच्या कच्च्या रस्त्यानं चालले होते. बाईसाहेब म्हणजे आमची तांबडी घोडी. तिचं मूळ नाव काही वेगळंच होतं, पण तिचा तोरा बघून सगळे तिला अहो-जाहो करायला लागले आणि तेच चिकटलं. वखारीच्या अंगणात एक निळी ताडपत्री पसरलेली होती. आम्ही जवळ पोचलो आणि ती ताडपत्री उठून उभी राहिली.

बाईसाहेब एका उडीत डावीकडे गेल्या. मी सरळ गेले.

भुशातून डोकं काढलं तर समोर एक माणूस. कानावर पेन्सिल, हातात मोजपट्टी, पापण्यांवरसुद्धा भुसा, आणि डोक्यावर अजून त्या ताडपत्रीचं एक टोक.

"लागलं का हो?"

"नाही. मला इथेच यायचं होतं."

"मग तिकडे फाटक होतं की," तो म्हणाला, आणि त्यानं खरोखर बोट करून दाखवलं.

"घोडं जवळून जात असताना ताडपत्री झटकू नये, एवढी अक्कल नाही तुला?"

"आतून दिसलं नाही हो. ताडपत्रीला खिडकी नसते."

मी ओरडणार होते. मी ओरडले की घोडेस्वारीच्या वर्गातली मोठमोठी माणसं पाठ ताठ करून बसतात. पण त्यानं हात पुढे केला... आणि माझ्या खांद्यावर अडकलेलं, रंध्याखालून निघालेलं लाकडाचं गोल साल अलगद उचललं. जणू ते साल माझं आहे आणि तुटलं तर नुकसान होईल. माझं ओरडणं राहूनच गेलं. ते राहून गेलं याचा राग वेगळाच.

तेवढ्यात त्याचा चेहरा पांढरा पडला. बाईसाहेब परत आल्या होत्या आणि त्याच्या डब्यातली काकडी खात होत्या.

"ही... चावते का?"

"माणूस बघून चावते."

तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. सहा फुटी माणूस, माझ्या मागे! मला हसू यायला नको होतं.

मग माझी नजर अंगणाच्या मधोमध गेली. तिथे एक फाटक उभं होतं. एकटंच. ना डावीकडे कुंपण, ना उजवीकडे. ते बघून मला सगळं कळलं. घोडे पाळणारा माणूस सोडून कुणालाही असलं फाटक लागत नाही.

"अडथळ्यांच्या स्पर्धेचं काम तुला मिळालंय?"

"हो. दहाही अडथळे माझ्याकडे आहेत. पूल, फाटक, ओंडके, सगळं. फक्त एक अडचण आहे."

"काय?"

"मी आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही."

ज्यांना ही स्पर्धा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. यात पळायचं नसतं. पळणं कुठल्याही घोड्याला जमतं. यात घोड्यानं पोकळ आवाज करणाऱ्या लाकडी पुलावरून चालायचं, पाण्याच्या खड्ड्यातून जायचं, ओंडक्यांमधल्या अरुंद वाटेनं उलट्या पावलांनी यायचं, फडफडणाऱ्या रंगीत पट्ट्यांच्या पडद्यातून पार व्हायचं. आणि फाटक. स्वारानं खाली न उतरता, एका हातानं कडी काढायची, घोड्यासकट पलीकडे जायचं, वळायचं, फाटक लावून घ्यायचं. प्रत्येक अडथळ्याला एक मिनिट. त्यात झालं नाही तर शून्य, आणि शून्य कुणामुळे आलं तेही पंच कागदावर लिहितात. त्यासाठी दोन रकाने असतात. एक 'घोड्याची चूक', दुसरा 'स्वाराची चूक'.

या दोन रकान्यांनी माझी झोप उडवली होती.

घोडेस्वारीची शाळा माझ्या आत्याची. मी तिथे शिकवते. बाईसाहेबांनी गेल्या वर्षभरात तीन नवशिक्यांना खाली उतरवलं होतं, तेही त्यांना न विचारता. तिसऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवशी आत्या दवाखान्यातून आली, चप्पल काढली आणि मला म्हणाली, "तुझा जीव आहे तिच्यावर, कळतं मला. पण उद्या कुणाची मान मोडली तर मी तोंड कुठे दाखवू? ही स्पर्धा शेवटची. स्वाराच्या रकान्यात शून्य आलं तर तुला मी बघून घेईन. घोड्याच्या रकान्यात एक जरी आलं, तर बाईसाहेब पैदाशीच्या फार्मवर जातील."

तो फार्म मी पाहिलाय. आठ तासांचा रस्ता. तिथे घोड्यांना नावं नसतात, कानात नंबर असतो. चार वर्षं मी त्या घोडीला घासलंय, खाजवलंय, तिच्या लाथा खाल्ल्यात. माझ्या आईनंतर माझं ऐकून न ऐकल्यासारखं करणारी ती एकटीच.

म्हणून मी सुताराशी सौदा केला. त्याला घोड्यांबद्दल मी सांगायचं... हात कुठवर पोचतो, कडी किती उंच हवी, फाटक किती रुंद. त्यानं आमच्या मैदानात तसंच एक फाटक सरावासाठी उभं करायचं. स्पर्धेत अडथळे कुठल्या क्रमानं येतील ते मात्र मी विचारायचं नाही आणि त्यानं सांगायचं नाही. आत्यानं पहिल्याच दिवशी चहाचा कप पुढे करून त्याच्याकडून तो क्रम काढून घ्यायचा प्रयत्न केला. त्यानं चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि म्हणाला, "चहा छान होता." बास. आत्याला तो तिथेच आवडला आणि तिथेच त्याचा राग आला.

पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी वीस सेकंदांत फाटक केलं. मी आनंदानं ओरडले. तो फाटकाच्या पलीकडे, लाथेच्या टप्प्याबाहेर उभा होता.

"कडी कशी वाटली, मास्तरीणबाई?"

"जराशी घट्ट आहे."

"उद्या येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी आला. कडी बघितली, तेल घातलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तेल जास्त झालं असेल. चौथ्या दिवशी बिजागरी कुरकुरतेय का ते ऐकायला आला. मी खोगिरावर, तो फाटकाला टेकून, मध्ये फाटक. संध्याकाळचं ऊन त्याच्या कोपरांवर पडायचं. मी त्याच्या कोपरांकडे बघत नव्हते. मी कडीकडे बघत होते. कडी त्याच्या कोपराजवळ होती, याला मी काय करू?

"तुम्ही नेहमीच एवढ्या रागात असता का?"

"नाही. झोपेत नसते."

"झोपेतही असाल. मला नाही वाटत उशी सुखात असेल."

"उशीची काळजी तू करू नकोस."

"मी सुतार आहे हो. पलंगापर्यंतच माझा संबंध."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत लाल झाला आणि बिजागरीत तेल घालायला लागला. त्याच बिजागरीत, जिच्यात त्यानं पाच मिनिटांपूर्वीच तेल घातलं होतं. मी इतकी हसले की हेल्मेट डोळ्यांवर आलं.

एकदा आम्ही असेच उभे असताना पाऊस आला. त्यानं ताडपत्री आणली होती. तीच, निळी. पण ती उघडायचं त्याचं धाडस होईना.

"बिचकेल ना ही?"

"हळू उघड. तिला दिसू दे आधी. बोलत राहा तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही."

"बाईसाहेब," तो गंभीरपणे म्हणाला, "ही ताडपत्री आहे. आपली जुनी ओळख आहे. गेल्या वेळी जे झालं त्याबद्दल मी दिलगीर आहे." असं म्हणत म्हणत त्यानं ती इंच इंच उघडली, माझ्या डोक्यावर धरली, आणि स्वतः बाहेर भिजत राहिला. बाईसाहेबांनी कानसुद्धा हलवला नाही. मी मात्र हलले. आतून कुठेतरी... जाऊ दे. मला असलं लिहिता येत नाही.

आणि आमच्या या कडी-तपासणीचा एक फायदा मला रोज दिसत होता. जी घोडी अर्धं मिनिट एका जागी टिकत नव्हती, ती फाटकाशी आली की शांत उभी राहायला लागली. मग एक मागचा पाय सैल सोडायला लागली. मग खालचा ओठ लोंबायला लागला. "बघ!" मी त्याला अभिमानानं म्हणायचे, "किती सुधारली! फाटकाची भीतीच गेली तिची!"

सहा आठवडे मी हे म्हणत होते. मी, घोडे शिकवणारी. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला मैदानाभोवती वीस फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मैदानावर झेंडे फडफडत होते, भोंगा खरखरत होता, दीड-दोनशे माणसं होती. सुतार अडथळ्यांच्या बाजूला हातोडा घेऊन उभा होता, काही मोडलं तर दुरुस्त करायला. चालू स्पर्धेत स्वाराशी कुणी बाहेरचं बोललं तर स्वार बाद. त्यामुळे त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. आकाशाकडे बघत उभा राहिला, तिथे कुणीतरी बिजागरी बसवली असावी तसा.

पूल झाला. पाणी झालं. उलटी चाल अशी झाली की पंचबाईंनी भुवई उचलली, आणि त्या भुवया वर्षातून एकदाच उचलतात म्हणे. पट्ट्यांचा पडदा, ओंडके... सात अडथळे, सात स्वच्छ. आत्या कठड्याशी उभी होती, ओठ घट्ट मिटून.

आठवा अडथळा. फाटक.

बाईसाहेब आपणहून फाटकाला समांतर झाल्या. सुरेख. मी हात कडीवर ठेवला. आणि बाईसाहेबांनी एक मोठा सुस्कारा सोडला, मागचा उजवा पाय सैल सोडला, कान बाजूला पाडले आणि ओठ लोंबवला.

मी कडी काढली. फाटक ढकललं. घोडी हललीच नाही. टाच लावली. काही नाही. जोरात लावली. तिनं डोळे मिटले.

"वीस सेकंद," भोंगा म्हणाला.

मी लगाम हलवला, जिभेनं आवाज केला, नावानं हाक मारली, शिव्या दिल्या. अगदी पुटपुटत, तरी पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी कानावर हात ठेवले. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. बाईसाहेब बारीक घोरत होत्या.

"चाळीस सेकंद."

मी मान वर केली. फाटकाच्या पलीकडे, वीस पावलांवर, सुतार उभा होता. हातोडा छातीशी धरून. त्यानं घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे... आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यालाही कळलंय. घोडी चुकत नव्हती. रोज जे घडतं तेच ती करत होती. बाईसाहेब फाटकाशी आल्या होत्या आणि आता आमचं बोलणं संपायची वाट बघत होत्या.

"एक मिनिट. शून्य."

पुढचे दोन अडथळे तिनं डोळे झाकून केले असते. केलेही, नीट. मला त्यातलं काही आठवत नाही.

पंचबाईंचं टेबल कापडी मांडवाखाली होतं. साठीच्या, सुकलेल्या, सरळ पाठीच्या बाई. कागद माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "सही करा." आठव्या ओळीत, पहिल्या रकान्यात, निळ्या शाईत: घोड्याची चूक. घोडा झोपला.

"तीस वर्षं पंच आहे," त्या म्हणाल्या. "झोपलेला घोडा पहिल्यांदा बघितला."

"ही चूक तिची नाही. माझी आहे."

"सगळे स्वार असंच म्हणतात. घोड्यावर माया असते. पटवून द्या."

मागे आत्या येऊन उभी राहिली होती. हाताची घडी घालून.

"मीच तिला शिकवलंय. फाटकाशी झोपायला."

"ते कसं?"

मी तोंड उघडलं. ज्या तोंडानं मी चार वर्षं मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला आवाज पोचवते, त्यातून हवा आली फक्त.

"मी... संध्याकाळी तिथे थांबत होते. रोज. बोलायला."

"घोडीशी?"

"नाही."

"मग कुणाशी?"

कानातला नंबर माझ्या डोळ्यांसमोर आला. मी बोट केलं. सुतार मांडवाच्या खांबामागे उभा होता. खांब चार इंचांचा, तो अठरा इंचांचा.

"इकडे या," पंचबाई म्हणाल्या. तो आला. "या म्हणतात ते खरं आहे?"

"हो बाई."

"रोज किती वेळ?"

"अर्धा तास," मी म्हणाले.

"पाऊण," तो म्हणाला, त्याच क्षणी.

"सव्वा," मागून आत्या म्हणाली. "स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते."

पंचबाईंनी चष्मा वर केला. "सव्वा तास काय बोलत होतात?"

"कडीबद्दल," मी म्हणाले. "ती घट्ट होती."

सुतारानं घसा खाकरला. "नव्हती."

"काय नव्हती?"

"घट्ट नव्हती. म्हणजे... पहिल्या दिवशी जराशी होती. ती मी दुसऱ्याच दिवशी नीट केली. नंतर रोज आल्यावर मीच जराशी आवळायचो. आणि जाताना सैल करायचो."

"काय?" मी त्याच्याकडे वळले. "सहा आठवडे? मी तुझ्यापायी सहा आठवडे कडीवर बोटं घासली!"

"तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

"मी रागावलेच आहे!"

"हो," तो म्हणाला. "मला सवय झालीय. एखाद्या दिवशी तुम्ही रागावला नाहीत तर मला करमत नाही."

"भांडण नंतर," पंचबाई म्हणाल्या. "थांबणं समजलं. पण टाच लावल्यावर घोडा हलला पाहिजे. टाचेला का हलली नाही? तो तिचाच दोष झाला."

पेन पुन्हा पहिल्या रकान्याकडे गेलं. मी घाईघाईनं बोलले.

"नाही! तेही माझ्यामुळे. मी खोगिरावर बसून हसायचे. हसले की पाय हलायचे, टाच तिच्या पोटाला लागायची. दिवसातून पन्नास वेळा. तिला कळेना टाचेचा अर्थ काय. मग तिनं ठरवलं, फाटकाशी टाच लागली म्हणजे मालकीण हसतेय, आपण लक्ष द्यायचं नाही."

"पन्नास वेळा हसत होतात."

"हो."

"यांच्या बोलण्यावर."

"हो."

पंचबाईंनी सुताराला वरपासून खालपर्यंत बघितलं. "फार विनोदी आहेत का हे?"

"छे! भयंकर विनोद करतो. उशीवर विनोद करतो हा."

"मग हसत का होतात?"

भोंगा नेमका तेव्हाच बंद पडला. दीडशे माणसांचे कान आमच्याकडे. आत्याचेही. खुंट्याला बांधलेल्या बाईसाहेब तेवढ्या दात विचकून कुणाची तरी टोपी खेचत होत्या. मला त्या क्षणी जगातल्या सगळ्या कागदांचा, रकान्यांचा, पेनांचा इतका राग आला...

"कारण मला आवडतो तो!" मी ओरडले. मैदानाच्या त्या टोकाला पोचेल असं. "आता पटलं? त्याचे कोपर आवडतात, त्याचे घाणेरडे विनोद आवडतात, घोड्याची माफी मागतो तेही आवडतं. माझं लक्ष घोडीवर नव्हतं, त्याच्यावर होतं. याहून मोठी स्वाराची चूक असते का कुठली? लिहा!"

पंचबाईंनी पट्टी घेतली, पहिल्या रकान्यातली ओळ सरळ खोडली आणि दुसऱ्या रकान्यात सावकाश लिहिलं: स्वाराची चूक. कारण पटले.

आत्यानं वाकून वाचलं. दोनदा वाचलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "बाईसाहेब राहतील." मग तिनं खुंट्याकडे बघितलं. "एवढे झेंडे, एवढा गोंगाट, आणि ही घोरत होती. अशाच घोडीवर मी नवशिक्यांना बसवते." दोन पावलं गेली आणि वळली. "तुला मात्र मी घरी बघते. सव्वा तास! माझा रोजचा चहा गार झालाय."

सुताराकडे सरळ बघायची हिंमत होईना. तो कानावरची पेन्सिल काढून नुसती बोटांत फिरवत होता.

"सही," पंचबाई म्हणाल्या.

मी सही केली. वाकडी आली. कागद परत सरकवणार, तेवढ्यात त्यावर एक हात आला. नखांत लाकडाचं पॉलिश, अंगठ्यावर करवतीचा जुना ओरखडा.

"माझीही घ्या," तो पंचबाईंना म्हणाला. "कडी मी आवळत होतो. निम्मी चूक माझी आहे."

"तुम्ही स्वार नाही."

"नाही. पण चुकीत आहे."

"आणि सहीचा रकाना केवढा आहे बघताय ना? एकाची सही कशीबशी मावते."

त्यानं रकाना बघितला. पेन्सिलीच्या टोकानं मोजलासुद्धा. मग टेबलाशी माझ्या शेजारी येऊन टेकला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

"सरक जरा," तो मला म्हणाला. "मी अक्षर बारीक काढतो."